अकरा वर्षे राहिलेली गोधडी

सोलापूर म्हणजे चादरींचे गाव. पाहुणा निघाला की त्याच्या पिशवीत एक चादर घालायची, हा इथला जुना रिवाज. अशा गावात राहून आमच्या घरी पलंगाखालच्या लोखंडी ट्रंकेत एक अर्धवट गोधडी अकरा वर्षे पडून होती. या सदरातून आम्ही वेळेच्या नियोजनावर दोनदा लिहिले आहे. हाती घेतलेले काम पुरे करावे, असे वर्गात मुलांना तर रोजच सांगतो. त्या ट्रंकेची आठवण झाली की मात्र आमचा आवाज जरा खाली येत असे. आता सांगायला हरकत नाही, कारण गेल्या मे महिन्यात ती गोधडी पुरी झाली. अल्हम्दुलिल्लाह.

पुरी व्हायला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांसाठी अकरा वर्षे का थांबावे लागले, ते आज लिहायचे आहे.

अम्मीचा इंतकाल झाला तो मार्च महिना होता. आमचे माहेर विजापूर रस्त्यावरच्या एका खेड्यात. भाऊ तिथेच शेती आणि दुकान पाहतो. धाकटी बहीण विजापूरला दिलेली. अम्मीचे दुखणे वाढले तेव्हा विजापूर जवळ पडते म्हणून धाकटीने तिला आपल्या घरी नेले, आणि शेवटचे चार महिने अम्मी तिच्याकडेच होती. सोलापूरहून विजापूर शंभर किलोमीटर. आम्ही रविवारी सकाळच्या एसटीने जात होतो, दुपारभर अम्मीजवळ बसत होतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत येत होतो. सोमवारी शाळा असे. त्यात दहावीच्या परीक्षा सुरू झाल्या, पर्यवेक्षण लागले, घरी मुले लहान. शेवटच्या रविवारी आम्ही गेलो नाही. पुढच्या रविवारी जाऊ म्हणालो. बुधवारी फोन आला.

दोन महिन्यांनी आम्ही तिघे भावंडे तरक्याच्या वाटपासाठी माहेरी जमलो. हे काम लांबवू नये असे सगळे सांगतात, आणि आमच्या भावाने ते लांबवले नाही, ही त्याची मोठी गोष्ट. सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से ठरवून दिलेले आहेत. आधी कफन-दफनाचा खर्च, मग मय्यतीवरचे कर्ज, मग वसीयत असेल तर ती एक तृतीयांशाच्या आत, आणि त्यानंतर जे उरेल त्याचे वाटप. अब्बा आधीच गेलेले, नाना-नानीही नाहीत. एक मुलगा, दोन मुली. म्हणजे चार भाग करायचे, दोन भावाचे, एक आमचा, एक धाकटीचा. आम्ही वर्गात अपूर्णांक शिकवणारे, तेव्हा वही-पेन आमच्याच हाती आले. बांगड्या सराफाकडून तोलून आणल्या होत्या. ग्रॅमच्या खालचे आकडेसुद्धा आम्ही सोडले नाहीत. मौलानांनी वही पाहिली आणि हिशेब बरोबर आहे म्हणाले. आम्हाला त्याचा अभिमान वाटला.

बैठक उठली. पुरुष माणसे नमाजला गेली, धाकटी स्वयंपाकघरात होती. भाभीने अम्मीची ट्रंक उघडली. चौदा साड्या निघाल्या. चांगल्या चार गरजूंना द्यायच्या म्हणून बाजूला ठेवल्या. उरल्या दहा, नेसून मऊ पडलेल्या, काठ विरलेल्या. आम्ही म्हणालो, या आम्ही नेतो, अम्मीच्या आठवणीची गोधडी करू. भाभी म्हणाली, "ले जाओ." त्या दहा साड्या वहीत कुणीच लिहिल्या नाहीत.

आज विचार केला तर वाटते, गोधडीचा तो उत्साह नुसत्या आठवणीसाठी नव्हता. जो रविवार चुकला होता, तो आम्हाला कुठेतरी भरून काढायचा होता. चार महिने अम्मीचे हात-पाय धाकटीने धुतले होते. आमच्या वाट्याला काहीतरी करण्यासारखे उरले असेल तर ते हेच, असे मनाने घेतले. अशा घाईत माणूस विचारत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत साड्या धुतल्या, वाळवल्या आणि कात्री घेतली. त्यात एक हिरवी इरकल होती, लाल पदराची. इरकलीत अंगाचे आणि पदराचे ताणे वेगळे असतात. एकाचे फासे दुसऱ्यात अडकवून ते जोडलेले असतात, म्हणून त्या जागी कापड जरा जाड लागते. जाड जागी सुई जाणार नाही म्हणून आम्ही बरोबर तिथेच कापले. पदर वेगळा झाला, अंगाचे चौकोन झाले. आठ दिवसांत सगळ्या साड्यांचे तुकडे करून आम्ही वरच्या थराची जोडणीही बरीच उरकली होती.

त्याच सुट्टीत धाकटी मुलाला घेऊन राहायला आली. तिने खोलीत पसरलेले तुकडे पाहिले, हिरवा चौकोन उचलला आणि बराच वेळ हातात धरून बसली. मग म्हणाली, "आपा, कैंची लगाने से पहले एक फोन तो करना था."

एवढेच. ती रडली नाही, भांडली नाही. रात्री तिच्या मुलाकडून कळले ते असे. दवाखान्यातले कांबळे अम्मीला टोचत असे, म्हणून रात्री ती हीच साडी पांघरून झोपायची. चार महिने ती साडी अम्मीच्या अंगावर होती. धाकटी ती धुवायची, वाळवायची, पुन्हा घालायची. आम्हाला ठाऊक नव्हते, कारण आम्ही रविवारी दुपारी जात होतो. अम्मीच्या रात्री आम्ही पाहिल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तुकडे गोळा करून ट्रंकेत ठेवले. पाहुणे गेले की काढू म्हणालो.

मग शाळा सुरू झाली. दिवाळीच्या सुट्टीत प्रशिक्षण लागले. पुढच्या उन्हाळ्यात रमजान आला. त्याच्या पुढच्या वर्षी निवडणुकीचे काम. मग मुलाची दहावी, मग आमच्या ह्यांचे ऑपरेशन. २०२० साली शाळाच बंद झाली आणि घरात बसून दिवस जाईनात, तेव्हाही ट्रंक उघडली नाही. ऑनलाइन वर्ग आहेत, असे कारण सापडले. वाचक भगिनींनो, तुमच्याही घरी असे एखादे काम असेल. अर्धा विणलेला स्वेटर, फ्रेम न केलेला फोटो, न लिहिलेले एखादे पत्र. वेळ नाही असे आपण म्हणतो, आणि बऱ्याचदा ते खरेही असते. पण ज्या कामासाठी मोकळा वेळ समोर येऊन उभा राहिला तरी हात पुढे होत नाही, तिथे अडचण वेळेची नसते.

धाकटीशी आमचे बोलणे कधी बंद नव्हते. ईदला फोन, लग्नकार्यात भेट, मुलांच्या निकालाच्या दिवशी मिठाई. भावाबहिणीने तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरू नये, ही हदीस आम्ही मुलांना शिकवली आहे, आणि आपल्याला ती लागू नाही असे मनाशी धरून चाललो होतो. सलाम होतो आहे, खुशाली विचारली जाते आहे, मग राहिले काय? पण अकरा वर्षांत आम्हा दोघींत अम्मीच्या शेवटच्या दिवसांचा विषय एकदाही निघाला नाही. ती काढत नव्हती आणि आम्ही विचारत नव्हतो. गोधडीचे नाव तर दोघीही टाळत होतो.

यंदा मार्चमध्ये घराची सफेदी निघाली आणि पलंग हलवावा लागला. ट्रंक उघडली तर वरच्या दोन साड्यांना कसर लागलेली. बोट लावले तर जाळी झालेली. हिरव्या इरकलीचे तुकडे खाली होते, ते वाचले होते. आमची मुलगी आता अकरावीत आहे. तिने तुकडे उलटून पाहिले आणि म्हणाली, आपण हे पुरे करू या, माझी परीक्षा संपली आहे. मग आम्ही तिला ही सगळी गोष्ट सांगितली. ती ऐकून घेऊन एवढेच म्हणाली, "अम्मी, फिर खाला कू पूछे क्या?"

मुलांना आपण इतकी वर्षे प्रश्न विचारतो. कधीतरी त्यांचा प्रश्न आपल्यावर येतो.

त्या रात्री आम्ही तरक्याची जुनी वही काढली. सोने, भांडी, शेताचा तुकडा, पोस्टातले पैसे, सगळे नीट मांडलेले. मय्यतीच्या मालकीची लहानमोठी प्रत्येक वस्तू तरक्यात येते. अंगावरचे कपडे येतात, सुई-दोरासुद्धा येतो. वाटपाआधी त्यातले काही कुणाला द्यायचे, अगदी सदका म्हणून द्यायचे, तरी सगळ्या वारसांची राजीखुशी लागते, आणि वारसांत कुणी नाबालिग असेल तर त्याच्या हिश्शाला हातच लावता येत नाही. हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. दुसऱ्या घरी असा प्रसंग आला असता तर आम्हीच हे सांगितले असते. ग्रॅमच्या खालचे आकडे लिहिणाऱ्यांनी दहा साड्या सोडल्या होत्या, कारण जुन्या कपड्यांची किंमत काही येत नाही. किंमत बाजारातल्या दराने ठरते, अशी आमची समजूत होती.

आधी भावाला फोन केला. तो हसला. "अरे आपा, ले लो ना, उसमें क्या पूछना!" अकरा वर्षांपूर्वी विचारले असते तरी तो हेच म्हणाला असता. विचारायला काही पडत नव्हते, हेच तर वाईट.

मग धाकटीला लावला. काय बोलायचे ते आम्ही कागदावर लिहून घेतले होते, जसे भाषणाचे मुद्दे लिहितो. सलाम झाल्यावर कागद बाजूला राहिला. आम्ही म्हणालो, अम्मीची साडी आम्ही तुला न विचारता कापली, ती तुझीही होती, आमच्यापेक्षा जास्त तुझी होती, आम्हाला माफ कर. पलीकडून काही आवाज येईना. फोन कट झाला असे वाटले. मग ती म्हणाली, "हरे के कित्ते तुकडे बचे?"

आम्ही मोजले होते. "ग्यारह. और पदर पूरा है."

"रखो. मैं आती हूँ."

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ती आली. सोलापूरचा मे, बेचाळीस अंशांवर पारा. पंखा चालू केला तर तुकडे उडायचे आणि बंद केला तर घाम गळायचा. तिने पिशवीतून जाड सुती दोऱ्याची लडी काढली, मेणाचा खडा काढला आणि पितळेची दोन अंगुस्ताने काढली. बोटाला घालायच्या या टोपीला मराठीत आणि उर्दूत जवळजवळ एकच शब्द आहे, फारसीतल्या अंगुश्तवरून, म्हणजे बोटावरून आलेला. 'गोधडी' आणि 'गुदडी'ही तशाच सख्ख्या. गरिबाच्या घरी गुणी मूल निघाले की त्याला उर्दूत 'गुदडी का लाल' म्हणतात. आमच्या शिवणात तो लाल म्हणजे इरकलीचा पदर होता.

विजापुराकडे गोधडीला कौदी म्हणतात. धाकटीच्या शेजारी एक कन्नड अक्का आहे. तिच्याकडून ती हे काम शिकलेली. आम्ही एवढ्या मेहनतीने रचलेले थर तिने बोटांत धरून चोळले आणि मान हलवली. मध्ये दोन सिंथेटिक साड्या होत्या. त्या काढल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हते. सिंथेटिक कापड थरांत सरकते, घाम शोषत नाही आणि सुई अडवते. म्हणजे अकरा वर्षांपूर्वी घातलेले आमचे टाके उसवायचे.

उसवताना आम्हाला सूरह नहलमधली ती बाई आठवली, जी घट्ट कातलेले सूत स्वतःच तोडून टाकते. आम्ही ते बोलून दाखवले. धाकटी म्हणाली, ती मिसाल दिलेला शब्द मोडणाऱ्यांसाठी आहे, चुकीचा टाका काढणाऱ्यांसाठी नाही. शिक्षिका आम्ही असलो तरी त्या दिवशी धडा तिने घेतला.

गोधडीची रीत इथे थोडक्यात लिहितो, कारण पुष्कळ भगिनींच्या घरी जुन्या साड्या आणि ओढण्या पडून असतात.

कापड सुती आणि वापरून मऊ झालेलेच घ्यावे. धुऊन धुऊन त्यातली खळ गेलेली असते, म्हणून सुई सहज जाते आणि पांघरूण अंगावर नीट बसते. नवे कापड घ्यावेच लागले तर रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे. नाहीतर पहिल्या धुण्यात तेवढेच आटते आणि गोधडीला चुण्या पडतात. रंग जाणारे कापड वेगळे भिजवून पाहावे. खाली अस्तर, मध्ये दोन किंवा तीन थर आणि वर तुकडे जोडलेला थर, एवढे पुरे. पाचाच्या वर थर गेले तर सुई ओढताना बोटे सोलतात आणि पावसाळ्यात गोधडी वाळत नाही. साडीचा पन्ना साधारण चार फुटांचा असतो. लहान मुलासाठी तो तसाच चालतो, मोठ्या माणसासाठी बाजूला जोड द्यावा लागतो.

सगळे थर सपाट फरशीवर अंथरावेत आणि मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढाव्यात. कडांवर वजने ठेवावीत. आमच्याकडे वरवंटा, पाण्याने भरलेले दोन डबे आणि कणकेचा डबा बसला होता. मग वीतभर अंतरावर कच्चे टाके घालून थर बांधून घ्यावेत. ते झाले की कडा आत दुमडून धावदोरा सुरू करायचा, बाहेरच्या कडेने, चारी बाजूंनी, आणि एक बोट अंतर सोडून पुन्हा चारी बाजूंनी. असे आत आत यायचे. दोरा हातभरच घ्यावा. लांब दोरा गुंततो. त्याला मेण लावून घेतले तर तो पिसत नाही. कच्चे टाके सगळ्यात शेवटी काढायचे.

आमची गोधडी पाच फूट बाय सात फूट होती. मुलीने हिशेब केला. बोटाचे अंतर पाऊण इंच धरले तर सगळ्या फेऱ्या मिळून १७० मीटर शिवण होते, आणि इंचाला तीन टाके धरले तर वीस हजारांवर टाके. आकडा ऐकून आम्ही दचकलो. धाकटी म्हणाली, टाके मोजायचे नसतात, फेऱ्या मोजायच्या.

शिवण बाहेरून आत जात असल्याने पहिल्या दिवशी आम्ही दोघी गोधडीच्या दोन टोकांना बसलो. मध्ये सात फूट कापड. मुलगी सुया ओवून देत होती. त्या दिवशी बोलणे झाले ते दोऱ्याचे, उन्हाचे आणि भावाच्या मुलीच्या ठरलेल्या लग्नाचे. दुसऱ्या दिवशी असरच्या नमाजनंतर पुन्हा बसलो. हिरव्या इरकलीचा एक चौकोन धाकटीच्या हाताखाली आला आणि ती आपणहून बोलू लागली. शेवटच्या आठवड्यात अम्मीला खीर खावीशी वाटली होती आणि दोनच चमचे गेली. रात्री ती धाकटीला तस्बीह हातात द्यायला सांगायची आणि मोजता मोजता झोपायची. शनिवारी तब्येत जास्त बिघडली होती.

मग धाकटी थांबली. सुई कापडात तशीच ठेवून म्हणाली, त्या शनिवारी मी तुम्हाला फोन करणार होते. अम्मीने मना केले. थोरलीच्या शाळेत परीक्षा आहेत, तिची पोरगी लहान आहे, तिला उगीच धावपळ नको, असे म्हणाली. "मैंने अम्मी का सुनना नै था, आपा. मैंने फोन करना था."

तर अकरा वर्षे आम्ही एक न केलेला फोन मनात धरून बसलो होतो आणि ती दुसरा. साडीवरून तिने आम्हाला जे ऐकवले होते, ते तिला स्वतःलाही लागले होते. आमची सुई हातातून सुटली. ती कापडात शोधायला मुलीला अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात आम्ही दोघी काय बोललो ते या सदरात लिहिण्यासारखे नाही.

तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी काम भराभर झाले. बोलताना हात चालतो, असे अम्मी म्हणायची, आणि ते खरे आहे. जुने कपडे जोडून पांघरूण करण्याची कला आपल्या देशात ठिकठिकाणी आहे. बंगालात कांथा, बिहारात सुजनी, राजस्थानात रल्ली. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका जी गोधडी करतात तिला कवंदी म्हणतात. या समाजाचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, आणि त्यात मुस्लिम, ख्रिस्ती, हिंदू असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. त्या बाया कवंदीच्या चारी कोपऱ्यांवर घडी घातलेले छोटे त्रिकोणी तुकडे शिवतात. त्याला फूल म्हणतात, आणि फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. ज्यांनी हे सुरू केले त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. बहुतेक घरात बसून, दुपारच्या वेळी, उरलेल्या कापडातून केलेले काम आहे हे.

हाताच्या कामाला आपल्याकडे मोठा मान आहे, पण आपण तो विसरतो. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्त जहश (रजि.) स्वतःच्या हाताने कातडी कमावायच्या, शिवायच्या आणि त्यातून येईल ते सदका करायच्या. सर्वात लांब हाताची मला सर्वात आधी येऊन भेटेल, असे प्रेषितांनी (स.) आपल्या पत्नींना सांगितले होते, तेव्हा त्या एकमेकींचे हात मोजून पाहायच्या. हजरत जैनब (रजि.) सर्वात आधी गेल्या, आणि मग लांब हाताचा अर्थ उलगडला. आमच्या मुलीला हा प्रसंग आम्ही गोधडीवर बसून सांगितला. तिने आपला हात खालाच्या हाताशी लावून पाहिला.

पाचव्या दिवशी दुपारी आमच्या दोघींच्या फेऱ्या मधोमध आल्या. गुडघ्याला गुडघा लागला आणि शेवटच्या ओळीला दोन सुया मावेनात. धाकटीने आपली सुई काढून घेतली. शेवटची ओळ आम्ही घातली आणि गाठ तिने मारली. कच्चे टाके मुलीने ओढून काढले. पदराच्या लाल कापडातून चार त्रिकोण कापून कोपऱ्यांवर फुले लावली. या वेळी कात्री धाकटीच्या हाती होती.

आता प्रश्न आला, गोधडी कुणाची? चार भागांत सोने वाटता येते, गोधडी वाटता येत नाही. धाकटी म्हणाली, घर तुमचे, कष्ट तुमचे, ठेवा. आम्ही भावाला फोन लावून स्पीकरवर ठेवला आणि दोघींसमोर विचारले. तो म्हणाला, अम्मी शेवटी जिच्या घरी होती तिच्या घरी जाऊ दे. आम्ही हो म्हणालो, आणि जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले, 'गोधडी एक, तिघांच्या राजीखुशीने धाकटीकडे.' खाली तारीख टाकली. उरलेल्या हिरव्या कापडाची दोन जुजदाने शिवली, एक भावाच्या घरच्या कुरआनसाठी आणि एक आमच्या.

या निमित्ताने एक विनंती. घरात कुणी गेले की त्यांच्या कपड्यांचा विषय पहिल्या महिन्यातच निघतो. कुणी म्हणते सगळे वाटून टाका, कुणी म्हणते घरात ठेवू नका. ठेवण्यात काही अशुभ नाही आणि देण्यात सवाब आहे. पण उचलण्याआधी एकदा सगळ्यांना विचारा. मुलींना विचारा, ज्यांनी सेवा केली त्यांना आधी विचारा. कुणाला एखादा रुमाल हवा असेल, कुणाला चष्म्याचे घर. बहुतेक जण 'घ्या की' म्हणतील. एखादीला ती साडी हवी असेल, आणि ते तुम्हाला विचारल्यावरच कळेल. आणि ज्यांच्याकडून आमच्यासारखी कात्री आधीच लागली आहे, त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट पाहू नये. कसर पाहत नाही.

ठेवण्याबद्दल एक सूचना. गोधडी किंवा जुनी साडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत दमटपणा धरतो. सुती फडक्यात गुंडाळून, वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून ठेवा, आणि वर्षातून दोनदा कडक उन्हात टाका. हे आम्ही अकरा वर्षे उशिरा शिकलो.

परवा धाकटीचा फोन आला होता. थंडीसाठी गोधडी काढली होती, तिच्या नातवाने पहिल्याच रात्री ओली केली. आता धुवायला घेतली तर पाण्याने इतकी जड झाली की उचलेना. "आपा, अकेली से नै निचोडी जाती. दो जनियाँ लगती हैं."

आम्ही शनिवारच्या गाडीने निघतो आहोत, इन्शाअल्लाह.